गिअरबॉक्समधले विरजण

गाडीच्या गिअरबॉक्समधले ऑइल बदलताना जुन्या ऑइलचा एक पेला मागे ठेवावा आणि नवे ऑइल भरून झाले की तो त्यात ओतावा, अशी उद्धवराव गपाट यांची रीत होती. नुसते दूध ठेवून त्याचे दही होत नाही, त्याला कालच्या दह्याचे बोट लागते. तसे नव्या ऑइललाही जुन्याची संगत लागते, एरवी ते गिअरच्या दात्यांना धरत नाही, असे ते म्हणत. त्या पेल्याला त्यांनी नावही विरजण असेच दिले होते. ही विद्या त्यांना भोसरीच्या एका वस्तादाकडून मिळाली होती. वस्ताद निवर्तले, गॅरेज गेले, त्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. परंतु विरजण उद्धवरावांनी सोडले नाही.

ही रीत चुकीची आहे, हे येथेच सांगितलेले बरे. ऑइल उगाच जुने होत नाही. दात्यावर दाता घासून लोखंडाचा बारीक चुरा पडतो आणि तो ऑइलमध्ये उतरतो. तो बाहेर जावा म्हणूनच ऑइल काढायचे असते. त्यातले पेलाभर परत ओतणे म्हणजे सारे घर झाडून मूठभर केर पुन्हा माजघरात पसरण्यासारखे आहे. त्यातही जी गाडी दुसऱ्याचे ओझे ओढते, तिचा गिअरबॉक्स साध्या गाडीपेक्षा जास्त तापतो, ऑइल लवकर करपते, काळे पडते, त्याला जळका वास येतो. अशा गाडीचे ऑइल इतर गाड्यांच्या आधी बदलावे लागते आणि ते पुरते बदलावे लागते. उद्धवरावांना हे कोणी सांगितले नव्हते असे नाही. त्यांनी ऐकले नव्हते.

उद्धवराव भूम तालुक्यातले. तरुणपणी एका ट्रकवर क्लीनर म्हणून पिंपरीला आले आणि परत गेले नाहीत. चिंचवड स्टेशनामागे एका खोलीत त्यांचा संसार सुरू झाला, पुढे काम सरकले तसे बिऱ्हाड चाकणला सरकले. पत्नी कुसुमताई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जात. मुलगी वर्षाली लग्न होऊन रावेतला नांदत होती. उद्धवराव चाकणच्या तात्याबांकडे टोचनच्या गाडीवर चालक होते. रस्त्यात बंद पडलेली गाडी पुढून उचलून ओढत नेणे, याला या पट्ट्यात टोचन म्हणतात. तात्याबांची जमीन कारखान्यांत गेली, तेव्हा आलेल्या पैशांतून त्यांनी ही वापरलेली गाडी घेतली होती, आणि ती घेतली त्या दिवसापासून तिचे स्टिअरिंग उद्धवरावांच्या हाती होते.

माणूस कष्टाळू. दारू नाही, तंबाखू नाही, विडीही नाही. दुसऱ्याच्या ताटात काय वाढले आहे हे बघण्याचे व्यसन मात्र त्यांना जन्माचे होते. शेजाऱ्याने नवा कूलर आणला की यांना उकडू लागे. मेहुण्याला कंपनीत कायम केल्याचे पेढे आले, तेव्हा यांनी पेढा खाल्ला आणि “खवा शिळा आहे,” असे म्हणाले. हा मत्सर त्यांनी कधी कोणाला सांगितला नाही. परंतु तो अंगावरच्या खरजेसारखा होता, माणूस लपवतो आणि हात खाजवतच राहतो.

अशा माणसाच्या गाडीवर तात्याबांनी दुपारच्या पाळीसाठी सुजित मांडवकर याला ठेवला.

सुजित संगमेश्वरकडचा, तिशीच्या आतबाहेरचा, हसऱ्या तोंडाचा. उद्धवरावांना तो काका म्हणे. पहिल्या आठवड्यातच त्याने काकांच्या घरी आमसुले पोहोचवली आणि कुसुमताई म्हणाल्या, “किती मायेचं लेकरू आहे हो!” त्या संध्याकाळी आमटीत पडलेली आमसुले उद्धवरावांनी एकेक निवडून ताटाच्या कडेला ठेवली.

पुढे काही ना काही घडतच राहिले. चौकातला हवालदार फोन करी तो सुजितला. कंपन्यांच्या फाटकावरचे पहारेकरी विचारत, “सुजितभाऊ नाही का आले?” आणि समोर जिवंत, गणवेश घातलेले उद्धवराव उभे असत. सुजितच्या हातून अडकलेली गाडी निघाली की लोक टाळ्या वाजवत. उद्धवरावांनी त्याहून अवघड गाड्या खड्ड्यांतून काढल्या होत्या, पण त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. आता बघावे तर सुजित सुटलेल्या ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून “झालं भावा, जा आता जेवून घे,” असे म्हणे. उद्धवराव “पावती घ्या” म्हणत. परंतु हा फरक त्यांच्या ध्यानात येत नव्हता. मत्सरी माणसाला दुसऱ्याचे फळ दिसते, झाडाला घातलेले पाणी दिसत नाही.

थंडीचे दिवस होते. पाळी बदलण्याच्या वेळी दोघेही शेडमध्ये असताना तात्याबांनी चहा मागवला आणि बातमी सांगितली.

“पाडव्याला नवी गाडी येतीया. मोठी हाय. वर पाटावर आख्खी मोटार चढती. आन् पायात क्लच न्हाई. गिअर आपला आपुन पडतो म्हनं.”

“मग ड्रायव्हर कशाला, तात्या?” सुजित म्हणाला. “तुम्हीच बसा की.”

“मी बसलो तर ती सरळ माज्या वावरात शिरंल. आन् तितं आता कंपनीची भित हाय.”

सुजित मोकळेपणी हसला. उद्धवराव हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, “चावी कुणाला द्यायचं ठरवलंय?”

तात्याबांनी बशीतला चहा संपवला. “त्यात काय ठरवायचं? जुनी ज्याच्या हाताखाली नीट नांदंल, नवी त्याची. पाडव्यापातूर मी बघनार.”

उद्धवरावांच्या मनात त्या क्षणापासून दुसरा विचार राहिला नाही. नवी गाडी आपलीच, हे त्यांनी गृहीत धरले होते. आता तिच्यासाठी परीक्षा आहे आणि परीक्षेला समोर सुजित बसला आहे, हे ऐकून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातून उतरलेल्या गाड्या त्यांनी चालवल्या होत्या. कोऱ्या सीटवरचे प्लास्टिक आपल्या हाताने काढावे, एवढी एकच हौस त्यांची राहून गेली होती. ती आता या आमसुलेवाल्याच्या वाट्याला जाणार की काय?

तशात पुतण्याच्या लग्नासाठी त्यांना गावी जावे लागले. हळद, लग्न, पूजा यांत काही दिवस गेले. परत आले, सकाळी गाडी सुरू केली आणि दुसरा गिअर टाकला.

या गाडीचा दुसरा गिअर थंडीच्या सकाळी कधी सुखाने पडत नसे. खरखर करी, हाताला झटका देई, दोनदा मनधरणी करावी लागे. त्या सकाळी तो लोण्यात बोट जावे तसा गेला. उद्धवरावांनी तो काढला आणि पुन्हा टाकला. पुन्हा तसाच गेला. दुसरा कोणी असता तर त्याला आनंद झाला असता. उद्धवरावांना मात्र वाटले, आपण दोन वेळा भाकर घातलेले कुत्रे शेजाऱ्याच्या अंगणात शेपूट हलवताना पाहतो आहोत.

“काय केलं गाडीला?” त्यांनी तात्याबांना विचारले.

“सुजितनं गिअरचं आईल बदललं. टोचनच्या गाडीला लवकर बदलावं लागतं म्हनला. मी म्हनलं, बदल बाबा. आता कशी लोन्यावानी चालतीया, व्हय का न्हाई?”

“चालते,” उद्धवराव म्हणाले. तो एक शब्द उच्चारायला त्यांना फार कष्ट पडले.

त्यांच्या मनात एकच प्रश्न घुमत होता. त्याने विरजण ठेवले का? नसणारच ठेवले. आजकालच्या पोरांना काय कळते? माझ्या वस्तादापासून चालत आलेले, या गिअरबॉक्समध्ये इतकी वर्षे मुरलेले विरजण त्याने खुशाल ड्रममध्ये ओतून दिले असणार. आणि वर गाडी लोण्यासारखी चालते म्हणून शाबासकीही घेतली! दुपारी सुजित आला, “काय काका, लग्न कसं झालं ओ?” म्हणाला, आणि उद्धवरावांनी “झालं” एवढेच उत्तर देऊन हेल्मेट उचलले. तोंडाशी आलेला प्रश्न त्यांनी गिळला. तो तेव्हाच विचारला असता तर पुढचे काही घडले नसते.

घरी त्यांनी जेवताना विषय काढला. कुसुमताईंनी शांतपणे ऐकून घेतले.

“मग त्याला विचारायचं की, ठेवलं होतंस का म्हणून.”

“मी विचारू? त्याला?”

“जीभ झिजते का?”

“तुला न्हाई कळणार, कुसुम. गाडी बिघडवतो ते लेकरू. वरून गोड, आतून बिघडवतो.”

“पण गाडी तर चांगली चालती म्हणता.”

“कामून चालते तेच तर कळंना!”

कुसुमताईंनी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. “मला एवढं कळतं, शेजारणीचं दही चांगलं लागलं, तर मी वाटी घेऊन तिच्या दारात जाते, चमचाभर विरजण दे म्हणते. तुम्ही तिचं भांडं पालथं करून याल.”

उद्धवरावांनी भाकरी आमटीत कुस्करली. बोलणे लागले होते. परंतु ज्याला लागते तो सुधारतोच असे नाही.

एका दुपारी तात्याबा जेवायला घरी गेले होते आणि सुजित यायचा होता. शेडच्या मागे, गाड्या धुण्याच्या ओट्याला लागून, काढलेल्या जुन्या ऑइलचा ड्रम होता. झाकण कधीच हरवले होते. उद्धवरावांनी प्लास्टिकचा मग घेतला. वरवरचे ऑइल पातळ दिसत होते. मुरलेला, जाड, खरा माल तळाशी बसतो, असा त्यांचा हिशोब. म्हणून त्यांनी बाही खांद्यापर्यंत सारली, हातातला मग थेट तळाला नेला आणि काठोकाठ भरून वर काढला. त्यानंतर ते गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सचा खालचा नट सैल करून त्यांनी थोडे नवे ऑइल वाहू दिले, नट आवळला, बाजूच्या भोकातून नळी लावून मगातले सगळे आत सोडले. पेल्याच्या जागी त्यांनी मग भरला होता, कारण मधल्या काळात जे गेले त्याचीही भरपाई व्हायला हवी, असे त्यांना वाटले. चोरीला गेलेले देव्हाऱ्यातले टाक परत जागेवर ठेवावेत, तसे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते. हे आपण गाडीसाठी केले की सुजितवर सूड म्हणून केले, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही. दोन्ही एकाच मगात मावले होते.

ओट्यावर रोज गाड्या धुतल्या जातात आणि उघड्या ड्रममध्ये पाणी उडते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होते. पाणी ऑइलपेक्षा जड असते. ते खाली जाते आणि तळाशी साचते.

थोड्याच दिवसांत गिअरबॉक्स रडू लागला. आधी बारीक, दूरवर कोणी पिंगा घालत असावे तसा आवाज. मग ओझे लागले की घुंघुं, आणि चढावर तर कण्हणे. उद्धवराव सकाळच्या पाळीत तो आवाज ऐकत आणि स्वतःची समजूत घालत की नवे आणि जुने अजून एकमेकांत मिसळले नाही. सुजितला त्यांनी काही सांगितले नाही. तात्याबांना मात्र सांगितले.

“सुजितनं ऑइल बदलल्यापासून गाडी रडती, तात्या.”

“आवो, परवा तर लोनी म्हनत व्हता!”

“मी न्हाई, तुम्ही म्हणत होता.”

तात्याबांनी मान हलवली आणि चिंतेने गाडीकडे पाहिले. त्यांची ती चिंतेची नजर पाहून उद्धवरावांना अंतर्यामी गुदगुल्या झाल्या. सुजितनेही तात्याबांना आवाजाविषयी सांगितले, गाडी उघडून बघू या म्हणाला. पण पाडव्याआधी कामे खोळंबली होती आणि तात्याबांनी “चार दिस थांब” म्हटले.

गाडीने थांबू दिले नाही. सुजितच्या पाळीत, मालाने भरलेला टेम्पो ओढताना, तळेगावच्या रस्त्यावरच्या चढावर गिअरबॉक्सने मोठा आवाज केला आणि चाके जागीच जाम झाली. मागे कारखाने सुटलेल्या बसगाड्यांची रांग लागली. शेवटी दुसऱ्या मालकाची क्रेन आली आणि तात्याबांच्या टोचनच्या गाडीलाच टोचन लावून घेऊन गेली. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. एक रिक्षावाला ओरडला, “अरे, डॉक्टरलाच सलाईन लागली रे!”

उद्धवरावांना फोनवर हे कळले तेव्हा ते जेवायला बसले होते. “अरेरे,” ते म्हणाले, आणि एक भाकरी जास्त घेतली. कुसुमताईंनी ती वाढली, पण वाढताना त्यांच्याकडे रोखून पाहिले.

दुसऱ्या दिवशी गाडी कुरुळीच्या ज्ञानेश मिस्त्रीकडे उघडली गेली. ज्ञानेश गिअरबॉक्सचे काम करणारा, चाळिशीचा, बोलायला फटकळ. तात्याबा, उद्धवराव आणि सुजित, तिघेही भोवती उभे होते. ज्ञानेशने खालचा नट काढला. खाली ठेवलेल्या पाटीत काळसर-पांढरे, फेसाळ असे काहीतरी उतरू लागले.

“तात्या, हे ऑइल न्हाई,” ज्ञानेश म्हणाला. “हे ताक हाय. घ्या, जिरं-मीठ टाकून.”

“ताक कसं झालं?”

“पाणी गेलंय आत. आन् हे बघा.” नटाच्या टोकाला चुंबक होते आणि त्यावर चुरा मिशीसारखा फुलला होता. “नुकत्याच बदललेल्या ऑइलात एवढा चुरा येत नसतो. जुनं ऑइल आत घातलंय कुणीतरी. ह्या चुऱ्यानं आन् पाण्यानं बेअरिंग खाल्लं. कुणी केला हा उद्योग?”

उद्धवराव उगाच बाही खाली ओढू लागले. मग सुजित एक पाऊल पुढे आला.

“मी.”

तात्याबांनी वळून पाहिले. “तू?”

“ऑइल बदललं तेव्हा पेलाभर जुनं ठेवलं होतं आणि वर ओतलं. काका विरजण ठेवतात ना, तसं. ठेवू नये म्हणतात, मला माहीत होतं. पण काका इतकी वर्षं ही गाडी सांभाळतायत, त्यांची रीत आपण कशाला मोडायची? म्हटलं, गावाहून आले की पहिलं हेच विचारतील.” तो उद्धवरावांकडे बघून ओशाळे हसला. “काकांनी विचारलंच नाही.”

“आन् पानी?”

“पाण्याचं मला ठाऊक नाही, तात्या. पण ऑइल मी भरलं. तेव्हा बघायला मीच हवं होतं.”

वाचकांनी येथे उद्धवरावांच्या जागी क्षणभर उभे राहावे. ज्या विरजणासाठी त्यांनी सुजितचा इतका द्वेष केला, ते सुजितने फेकलेच नव्हते. हातात पेला धरून, काकांची आठवण ठेवून, त्याने ते परत ओतले होते. कोणाचेही काळीज याने विरघळले असते. उद्धवरावांचेही विरघळू लागले होते. परंतु तेवढ्यात तात्याबा बोलले.

“चूक केली, पर तोंड लपवलं न्हाई.” त्यांनी सुजितच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे ओलावले होते. “तरी पर सबूद म्हंजी सबूद. जुनी ह्याच्या हाताखाली बसली. तवा नवी उद्धवरावांची. सुजित, तू वाईट वाटून घिऊ नको.”

“नाही तात्या. काकांचाच हक्क आहे.”

झाले. चावी मिळाली. तोंड बंद ठेवले की कोऱ्या सीटवरचे प्लास्टिक उद्धवरावांच्या नखाखाली येणार होते. त्यांनी मान खाली घातली आणि गंभीर चेहरा केला.

पण तात्याबांचा हात अजून सुजितच्या पाठीवरच होता. इतक्या वर्षांत तो हात उद्धवरावांच्या पाठीवर एकदाही पडला नव्हता. आणि ज्ञानेश हात पुसत हसत होता.

“मी सगळ्या गॅरेजवाल्यांना सांगणार हाय बरं का. सुजितचं विरजण! लई गाजणार हे नाव. चाकणपास्नं भोसरीपातूर. सुजितचं विरजण अन् गिअरबॉक्सचं ताक!”

“सांगा ओ, सांगा,” सुजित म्हणाला. “निदान नाव तरी होईल.”

तिघे हसले. उद्धवरावांची खाली घातलेली मान वर आली. सुजितचे विरजण! वस्तादाने दिलेले, आयुष्यभर सांभाळलेले, जगात ज्याच्यावर आपला एकट्याचा शिक्का होता असे एकच काय ते, आणि त्यालाही आता याचे नाव लागणार? फाटकावर याचे नाव, चौकात याचे नाव, घरातल्या आमटीत याची आमसुले, आणि आता विरजणही याचे?

“त्याचं कसलं आलंय विरजण!” उद्धवराव ओरडले. “पेलाभर ठेवलं अन् विरजणवाला झाला होय? मी घातलंय ते! मगभर घातलंय! ड्रमच्या तळातलं, मुरलेलं, काठोकाठ!”

पाटीत शेवटचे थेंब पडत होते, त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

उद्धवरावांचा हात अजून हवेत होता, मग कसा काठोकाठ भरला ते दाखवणारा. तो हळूहळू खाली आला. आपण काय बोललो, हे त्यांना सर्वांत शेवटी कळले.

“ड्रमच्या तळाला,” तात्याबा सावकाश म्हणाले, “गाड्या धुन्याचं पानी साचतं, उद्धवराव.”

“ते मला... तेव्हा ध्यानात न्हाई आलं.”

“आन् तुमीच मला सांगितलं, पोरानं आईल बदलल्यापास्नं गाडी रडती.”

सुजित त्यांच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर त्यांनी तो आनंदाने झेलला असता. पण तेथे नुसते नवल होते, आणि ते सोसणे अधिक जड होते.

तात्याबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “नवी सुजित चालवंल. आन् ही जुनी तुमी. दोनी पाळ्या तुमच्याच, दुसरा कुनी हात लावनार न्हाई. पर ज्ञानेशच्या हाताखाली बसून पयलं तुमी हिचा एकेक दाता डिझेलानं धुवायचा. आत जुना थेंब राहिला, तर मग आपला रामराम.”

घरी कुसुमताईंनी सगळे ऐकले.

“म्हणजे चावी हातात आली होती?”

“आली होती.”

“अन् गप्प बसायचं, एवढंच काम होतं?”

“तेवढंच.”

“मग तोंड कशाला उघडलं?”

“तो माझ्या विरजणाला आपलं म्हणवून घेत होता.”

कुसुमताईंनी हसू दाबण्याचा प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “देवा, यांचा जळकेपणाच खरं बोलला हो!” मग पदराने डोळे पुसून त्यांनी ताट केले.

उद्धवरावांनी गिअरबॉक्सचा एकेक दाता धुतला. डिझेल काळे होई, ते बदलत, पुन्हा धूत. ज्ञानेश जवळ बसून टोमणे मारी आणि शिकवीही. ऑइल गाडी फिरवून आणल्यावर गरम असतानाच काढावे म्हणजे चुरा त्याबरोबर निघतो, नटावरचे चुंबक दर वेळी पुसावे, पातळी बाजूच्या भोकाच्या काठाशी बोट घालून पाहावी, आणि टोचनचे काम अंगावर असेल तर ऑइल काळे होण्याची वाट बघू नये. शेवटी नवे ऑइल भरायची वेळ आली, तेव्हा उद्धवरावांचा हात सवयीने बाजूला पेला शोधू लागला. तेथे पेला नव्हता. त्यांनी नट आवळला.

पाडव्याला नवी गाडी आली. तिला हार घातला, नारळ फोडला, आणि सीटवरचे प्लास्टिक सुजितने काढले. उद्धवराव ते पाहत उभे होते. त्यांना फार वाईट वाटले, आणि तसे वाटू नये म्हणून त्यांनी काही प्रयत्नही केला नाही. मत्सर एका ऑइलबदलात निघून जाणारी वस्तू नाही.

उन्हाळा पुढे सरकला. एका दुपारी सुजित नवी गाडी शेडसमोर उभी करून उद्धवरावांच्या खिडकीशी आला. ते टोचनसाठी निघाले होते.

“काका, एक सांगू?” तो म्हणाला. “हिच्यात मजा नाही ओ. ती आपली आपणच गिअर बदलते. माझा डावा हात दिवसभर मांडीवर असतो, पाहुण्यासारखा. काल चढावर ओझं होतं, वाटलं, आता दुसरा टाकावा, तर टाकायला काही नाहीच.” त्याची नजर जुन्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावर होती. वर्षांनुवर्षांच्या तळहाताने त्या दांड्याचा गोळा गुळगुळीत झाला होता. “तुमच्या गाडीचा आवाज ऐकतो मी रोज. कसली सुरेख चालतेय आता! एक फेरी मारू द्या ना, काका. चौकापर्यंत नुसती.”

उद्धवरावांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. डोळ्यांत एक चमक होती, ओठ किंचित आवळले होते, आणि बोटे नकळत हवेत गिअर टाकत होती. ती लक्षणे त्यांना चांगली ओळखीची होती. जन्मभर ती त्यांनी आतून पाहिली होती. समोरच्याच्या तोंडावर, आणि तीही आपल्यापायी उमटलेली, प्रथमच पाहत होते.

“न्हाई,” ते म्हणाले.

“काका, एकच फेरी!”

“एक न्हाई अन् अर्धी न्हाई. तात्यांचा शब्द आहे. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई.”

त्यांनी पहिला गिअर टाकला, गाडी फाटकाबाहेर काढली, आणि सुजितला ऐकू जाईल अशा बेताने, दुसरा टाकून गेले.